महाविद्यालयीन प्रवेश आणि विषयवार कसोट्या : अमेरिकेतील एका प्रयोगाचा इतिहास

महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याने काय सिद्ध करावयाचे, आपली बुद्धी की आपले अध्ययन, हा प्रश्न अमेरिकेतील प्रवेशपरीक्षांच्या इतिहासात प्रारंभापासून आढळतो. विषयवार कसोट्यांचा तेथील उदय व अस्त या दृष्टीने उद्बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील अनेक महाविद्यालये आपापली स्वतंत्र प्रवेशपरीक्षा घेत असत. एकाच शाळेतील विद्यार्थ्यांना निरनिराळ्या महाविद्यालयांसाठी निरनिराळी तयारी करावी लागे. ही अव्यवस्था दूर करण्याच्या हेतूने हार्वर्डचे चार्ल्स एलियट व कोलंबियाचे निकोलस मरे बटलर प्रभृतींच्या प्रयत्नांतून १९०० मध्ये 'कॉलेज एन्ट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड' ही संस्था स्थापन झाली. जून १९०१ मधील तिच्या पहिल्या परीक्षेस ९७३ विद्यार्थी बसले. लॅटिन, ग्रीक, इतिहास, गणित, पदार्थविज्ञान अशा विषयांत त्यांनी सविस्तर उत्तरे लिहिली. प्रवेश देण्याचा अधिकार महाविद्यालयांकडेच राहिला. मंडळाने मापदंड तेवढा समान केला.

या पद्धतीत एक वैगुण्य होते. जेथे अध्यापन उत्तम, तेथील विद्यार्थ्यांनाच ती अनुकूल ठरे. सामान्य शाळेतील हुशार मुलाचे काय, या प्रश्नाला १९२६ मध्ये सुरू झालेल्या 'स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट'ने उत्तर देऊ केले. शालेय पाठांवर फारशी अवलंबून नसलेली उपजत क्षमता मोजता येते, ही त्यामागील श्रद्धा होती. १९३७ पासून विषयज्ञानासाठी वस्तुनिष्ठ स्वरूपाच्या संपादन कसोट्या सुरू झाल्या आणि १९४२ मध्ये युद्धकालीन निकडीमुळे निबंधवजा परीक्षा बंद पडल्या. अशा रीतीने जी परीक्षा मूळ मुख्य होती, ती अभियोग्यता कसोटीची पुरवणी होऊन राहिली. १९९४ मध्ये तिला 'सॅट दोन' हे नाव मिळाले.

या क्रमवारीस १८ फेब्रुवारी २००१ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन यांनी आव्हान दिले. अभियोग्यता कसोटी वगळून विषयवार कसोट्या ठेवाव्यात, असे त्यांनी सुचविले. त्या विद्यापीठात दोन्ही कसोट्या अनिवार्य असल्याने तुलना शक्य होती. सॉल गायझर व रॉजर स्टडली यांनी १९९६ ते १९९९ या काळात प्रवेश घेतलेल्या सुमारे ७८,००० विद्यार्थ्यांची माहिती तपासली. प्रथम वर्षाच्या गुणांतील तफावतीपैकी विषयवार कसोट्यांनी १६.० टक्के, तर अभियोग्यता कसोटीने १३.३ टक्के तफावतीचा उलगडा होत होता. कुटुंबाचे उत्पन्न व पालकांचे शिक्षण हिशेबात घेतल्यावर विषयवार कसोट्यांचे भाकितमूल्य टिकून राहिले. अभियोग्यता कसोटीचे मात्र जवळजवळ लोपले. म्हणजे गरीब विद्यार्थ्याच्या हितासाठी जी कसोटी पुढे आली, तीच कौटुंबिक परिस्थितीशी अधिक निगडित निघाली.

तथापि, या दोन आकड्यांतील अंतर लहान आहे, आणि विषयवार कसोट्यांचा कैवार केवळ त्यावर उभा करता येणार नाही. त्यांचे खरे मूल्य त्या विद्यार्थ्याला जे सांगतात, त्यात आहे. अभियोग्यता कसोटीतील अपयश 'तू कमी आहेस' असे सुचविते; रसायनशास्त्राच्या कसोटीतील अपयश 'हा भाग पुन्हा अभ्यास' एवढेच म्हणते. पहिल्या निर्णयावर उपाय दिसत नाही. दुसऱ्यावर अध्यापन हा उपाय आहे, आणि त्याची जबाबदारी शाळेवरही येते.

व्यवहारात मात्र या कसोट्या ओझे ठरल्या. त्या न दिल्यामुळेच कित्येक विद्यार्थी अपात्र ठरत, म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१२ च्या प्रवेशापासून ही अट काढली. जानेवारी २०२१ मध्ये मंडळाने अमेरिकेत त्या तत्काळ बंद केल्या. अन्य देशांत जून २०२१ मध्ये त्या शेवटच्या वेळी झाल्या. विषयज्ञान दाखविण्यासाठी 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' परीक्षा उपलब्ध आहेत, असे कारण मंडळाने दिले. परंतु त्यांचे अभ्यासक्रम प्रत्येक शाळेत शिकविले जात नाहीत. एका तासाच्या कसोटीसाठी विशेष वर्गाची आवश्यकता नव्हती. स्वतः पुस्तक वाचून तयार झालेल्या विद्यार्थ्यालाही ती खुली होती. कसोटीबरोबर हे द्वारही बंद झाले, ही या इतिहासातील विचारणीय हानी होय.