जुन्या कपड्यांवर भांडी

गेल्या चैत्रात बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमचे वडिलोपार्जित घर रिकामे करण्याची वेळ आली. भावंडांनी आपापल्या आवडीच्या वस्तू नेल्या. कपड्यांचे चार गठ्ठे मात्र कोणासच नको होते. वडिलांचे कोट, आईची लुगडी, आमचे शाळेतले सदरे, सारे आईने जपून ठेवले होते. "कोणाला तरी देऊन टाका," असे प्रत्येकाने सांगितले. तो 'कोणी' कोठे भेटतो, हे मात्र कोणी सांगितले नाही. पन्नास वर्षांपूर्वी हा प्रश्न पडलाच नसता. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन एक बाई स्वतःच दाराशी येत असे. महाराष्ट्रात तिला बोहारीण म्हणतात. आम्ही बडोदेकर तिला नुसते 'भांडीवाली' म्हणत असू.

घरातील नको असलेल्या वस्तूंची वाट लावण्याची आपल्याकडे जुनी रीत होती. तांब्यापितळेचे भांडे फुटले तर ते मोडीत काढावे, म्हणजे वजनावर तांबटास द्यावे आणि घट वजा जाता नवे घ्यावे. लुगडे विरले की त्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणे. जरीचा काठ मात्र वेगळा काढून ठेवीत, कारण जर जाळून तीतील चांदी काढणारे लोक तो विकत घेत.

पुढे या व्यवहारात पोलाद शिरले. इंग्लंडातील शेफिल्ड येथे हॅरी ब्रेअर्ली याने १९१३ साली न गंजणारे पोलाद तयार केले. आपल्या स्वयंपाकघरांत ते खऱ्या अर्थाने आले स्वातंत्र्यानंतर. त्यास कल्हई नको, चिंचेने घासणे नको, आंबटाची भीती नाही. प्रत्येक गृहिणीस ते हवेसे वाटू लागले. पण पगाराचे पैसे असत पुरुषांच्या हाती. जुने कपडे तेवढे पूर्णपणे तिच्या ताब्यात होते. माझ्या आईच्या कपाटातील निम्मी भांडी वडिलांस एक पैसाही न मागता आलेली होती, हे तिने मला पुढे पुष्कळ वर्षांनी हसत सांगितले.

त्या सौद्याचे चित्र अनेक वाचकांच्या डोळ्यांसमोर असेल. ओट्यावर बसून ती बाई प्रत्येक कपडा उजेडात धरी, कॉलर उलटून पाही, विजारीची बैठक बोटांनी चाचपी. "आटलामां नहीं थाय, बेन," असे म्हणून पातेले पुन्हा पाटीत ठेवी. आई आणखी एक सदरा काढी. तासाभराने सौदा तुटे आणि ती गेल्यावर आई हमखास म्हणे, "लुबाडलं मेलीने!" त्या बाईस नाव असेल, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नाही.

गुजरातेत हा व्यवसाय मुख्यतः वाघरी समाजातील स्त्रिया करीत. हा समाज आज स्वतःस देवीपूजक म्हणवतो. आमच्या ओट्यावरून गेलेला कपडा घरी नेऊन त्या धूत, उसवलेले शिवत, गुंड्या लावीत, इस्त्री करीत आणि बाजारात मांडून मजुरांस विकत. अगदी फाटका असेल तर त्याच्या चिंध्या यंत्रे पुसण्यासाठी कारखान्यांत जात. भांडी आणावयाची तर भांडवल लागे, आणि ते सावकाराकडून चढ्या व्याजाने मिळे. आईस लुबाडणारी म्हणून आम्ही जिला ओळखत होतो, ती स्वतः किती ठिकाणी लुबाडली जात होती, हे कळण्यास मला सरकारी नोकरीत शिरावे लागले.

याच स्त्रियांनी एका मोठ्या घटनेस हातभार लावला. अहमदाबादच्या मजूर महाजन संघाच्या महिला शाखेचे काम तेव्हा इला भट्ट पाहत होत्या. कापडबाजारात डोक्यावरून गाठोडी वाहणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. ते पाहून जुन्या कपड्यांचा व्यापार करणाऱ्या स्त्रिया त्यांच्याकडे आल्या. १९७१च्या डिसेंबरात एका सार्वजनिक बागेत या स्त्रियांची सभा झाली. शंभराहून अधिक जणी जमल्या आणि त्यांच्यातीलच एकीने सुचविले की, आपली स्वतःची संघटना असावी. हीच 'सेवा' या संस्थेची सुरुवात.

नोंदणीच्या वेळी सरकारी अडचण उभी राहिली. कामगार संघटना म्हणजे मालकाशी वाटाघाटी करणारी. या बायकांस मालकच नाही, मग संघटना कोणाविरुद्ध? संघटना कोणाविरुद्ध नसून कामगारांच्या एकीसाठी असते, ही बाजू मांडावी लागली आणि १९७२च्या एप्रिलमध्ये नोंदणी झाली. १९७४ साली चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली. तेथेही निरक्षर स्त्रिया सह्या कशा करणार, अशी शंका निघाली, तेव्हा त्यांनी रात्रीतून आपले नाव लिहिण्याचा सराव केला. राज्य सरकारच्या सेवेत असताना एखादा रकाना रिकामा राहिला म्हणून मीही कित्येक अर्ज परत पाठविले आहेत. त्यामुळे हा इतिहास वाचताना मला केवळ कौतुक वाटले नाही, थोडी लाजही वाटली.

आता आमच्या नव्या सोसायटीच्या फाटकावर 'फेरीवाल्यांस प्रवेश बंद' अशी पाटी आहे. ती लावण्याच्या ठरावावर माझी सही आहे. चार गठ्ठे घेऊन बसलो तेव्हा ती सही आठवली. अखेर कामवाल्या बाईंच्या ओळखीने एक भांडीवाली जुन्या घरी आली. तिने कपडे उजेडात धरले, कोटांचे अस्तर तपासले, लुगडी बाजूला ठेवली. मी भाव केला नाही, याचे तिलाच वाईट वाटले असावे. तिने आपणहून एक झाकणाचा डबा पुढे केला. मी तो घेतला. फुकट दिलेले दान तिला नको होते. तिला सौदा हवा होता.

जाताना तिचे नाव विचारले. तिने ते सांगितले, आणि मग माझेही विचारले.

घरी आल्यावर तो डबा आईच्या जुन्या डब्याशेजारी ठेवला. कपड्यांवर घेतलेल्या त्या जुन्या डब्यावर आईचे नाव आणि १९७२ हे साल कोरलेले आहे. ज्या बाईने तो दिला, तिच्या नावाची नोंद आमच्या घरात कोठेही नाही. फाटकावरची पाटी काढावी, असा अर्ज मी सोसायटीच्या पुढील सभेसाठी दिला आहे.