ऑफिसातला दिवा आणि डहाणूचं धुराडं

डहाणूच्या खाडीकाठी औष्णिक वीज केंद्राचं धुराडं उभं आहे. उंची २७५ मीटर. आकाश स्वच्छ असलं की फार लांबून दिसतं. मालक बदलले, आधी बीएसईएस, मग रिलायन्स, २०१८ पासून अदानी समूह. पण आमच्याकडची जुनी माणसं अजूनही 'बीएसईएस'च म्हणतात. या केंद्रात प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. ही वीज आमच्या तालुक्यासाठी बांधलेली नव्हे. ती उच्चदाबाच्या तारांवरून घोडबंदर, वर्सोव्याकडे जाते आणि मुंबईच्या उपनगरांत खर्च होते. आम्हां सायवनकरांच्या घरात येते ती महावितरणची, म्हणजे जेव्हा येते तेव्हा.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. ती अंधेरीला एका ऑफिसात असते. मध्यंतरी तिचा फोन आला, "मामा, आमचं ऑफिस ग्रीन झालं!" म्हणजे काय गं, विचारलं, तर कागदाचे कप बंद, प्रत्येकाला स्टीलचा मग, प्रिंट काढायची तर कागदाच्या दोन्ही बाजूंना, आणि खिडकीशी कुंड्या. चांगलंच आहे. मुलं काही करू पाहतात याचं मला कौतुक आहे. पण फोन ठेवल्यावर मनात आलं, की त्या यादीत वीज कुठेच नव्हती. आणि अंधेरीतल्या ऑफिसने पर्यावरणाचा हिशेब मांडायचा तर पहिली ओळ विजेचीच हवी. का, ते डहाणू तालुक्यातल्या माणसाने सांगावं हे बरं.

जरा मागे जाऊ या. मुंबईच्या दिव्यांची वीज पहिल्यापासून लांबूनच आली. टाटांची जलविद्युत केंद्रं खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) इथली. भिऱ्यासाठी मुळशीचं धरण झालं. त्या धरणात जमिनी जाणाऱ्या मावळ्यांचा सत्याग्रह आणि सेनापती बापट आपण शाळेत शिकलो, मीही शिकवला. पण ते पाणी अडवून झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांत, कचेऱ्यांत आणि आगगाड्यांत गेली, हे वाक्य तेव्हाच्या पाठ्यपुस्तकात असल्याचं मला आठवत नाही. सत्याग्रह पुस्तकात आला, वीज आली नाही.

बीएसईएस, म्हणजे बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, ही कंपनी १९२९ साली निघाली. तिचं काम उपनगरांत वीज वाटण्याचं. वीज विकत घ्यायची ती मुख्यतः टाटांकडून. पुढे उपनगरं वाढली, अंधेरीला सीप्झ आलं, गोरेगाव-मालाडपर्यंत कचेऱ्या पसरल्या. पंख्याच्या जागी एसी आला. विकतची वीज पुरेना, तेव्हा कंपनीने स्वतःचं मोठं केंद्र काढायचं ठरवलं आणि जागा ठरली डहाणू. १९८९ साली केंद्र सरकारची परवानगी मिळाली.

डहाणू म्हणजे एका बाजूला चिकूच्या वाड्या आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला आम्ही, म्हणजे डोंगर, जंगल आणि वारली पाडे. स्थानिक लोक आणि बागायतदार उच्च न्यायालयात गेले, हरले; सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही १९९१ च्या मार्चमध्ये केंद्र थांबलं नाही. पण न्यायालयाने एक गोष्ट नोंदवली, की धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याची अट पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नये. ही एक ओळ पुढे सोळा वर्षं पुरली.

त्याच वर्षी २० जूनला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. घातक उद्योगांना बंदी, आणि साऱ्या तालुक्यात उद्योगांसाठी मिळून जागा ५०० एकर. आमच्याकडे तेव्हा यावरून दोन तट होते, आजही आहेत. कारखाना नाही म्हणजे नोकरी नाही, पोरं वापीला आणि बोईसरला जातात, हे म्हणणारा खोटं बोलत नाही.

केंद्र १९९५ साली सुरू झालं. त्याआधीच 'सँक्चुअरी' मासिकाचे संपादक बिट्टू सहगल यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. नागपूरच्या नीरी संस्थेने पाहणी केली, आणि ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालाने न्यायालयाने तालुक्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण नेमायला लावलं. एका तालुक्याला स्वतःचं पर्यावरण प्राधिकरण! डिसेंबर १९९६ मध्ये ते स्थापन झालं आणि अध्यक्ष झाले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. २०१९ च्या जानेवारीत ते गेले, तोवर तेच अध्यक्ष होते.

आता गंधकाची गोष्ट. कोळशात थोडं गंधक असतं. जळलं की त्याचा वायू होतो, आणि ओलाव्याशी मिळाला की आम्ल. माणसाच्या छातीला वाईट आणि पानांनाही वाईट. डहाणूत समुद्र शेजारी असल्याने उपायही समुद्राचाच निघाला: धूर धुराड्यात जाण्याआधी त्यावर समुद्राच्या पाण्याचा फवारा मारायचा. समुद्राचं पाणी अल्कधर्मी असतं, ते गंधकाचा वायू विरघळवून घेतं. मग त्यात हवा खेळवून ते पाणी परत सोडायचं. सांगायला चार ओळी. बसवायला किती वर्षं? प्राधिकरणाने १९९९ साली आदेश दिला. कंपनीचं म्हणणं, आमच्या कोळशात गंधक कमीच आहे, गरज काय. तारखा पडत गेल्या. शेवटी २००५ साली प्राधिकरणाने ३०० कोटींची बँक हमी मागितली, तेव्हा हालचाल झाली आणि २००७ मध्ये यंत्रणा चालू झाली.

म्हणजे १९९५ ते २००७ ही बारा वर्षं उपनगरातली ऑफिसं त्या यंत्रणेविना झालेल्या विजेवर चालली. त्यांतल्या कुणालाही हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. बटण दाबलं की थंड होत होतं. माझा राग त्या माणसांवर नाही. तारेच्या एका टोकाला बसलेल्याला दुसरं टोक दिसत नाही, एवढंच.

न्यायमूर्ती धर्माधिकारी हे दादा धर्माधिकारींचे चिरंजीव, म्हणजे वर्ध्याच्या गांधीवादी मंडळींच्या घरातले. त्यावरून वर्ध्याची एक कचेरी आठवते. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याची कचेरी वर्ध्याला मगनवाडीत होती आणि चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. लंडनला हिशेबतपासनीसाचं शिक्षण घेतलेला, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस. मगनवाडीत हातकागद बनायचा, संघाची पत्रिका त्याच कागदावर निघायची. रॉकेलऐवजी गोडं तेल जाळणारा 'मगनदीप' नावाचा कंदील तिथे तयार झाला. कारण त्यांचा प्रश्न असा, की रॉकेल कुठून येतं आणि गोडं तेल कुठून? एक परदेशातल्या विहिरीतून, दुसरं गावच्या घाण्यातून. हिशेबतपासनीसच तो, टेबलावरच्या दिव्याचं तेलसुद्धा त्याने वहीत कुठल्या पानावर येतं ते पाहिलं. त्या विचारांचं 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे त्यांचं पुस्तक १९४५ सालचं. आज कुणी मगनदीप लावा म्हणणार नाही, मीही नाही. पण प्रश्न अजून चालतो.

आमच्या शाळेचं ऑफिसही कुणाला 'ग्रीन' वाटलं असतं. कौलारू छप्पर, दोन्ही बाजूंना खिडक्या, पाठकोरे कागद, माठ, आणि टाचणी संपली की बाभळीचा काटा. त्याचं मला मुळीच कौतुक नाही. बिलं भरायला पैसे नव्हते आणि पावसाळ्यात दुपारी तीनलाच हजेरीपट दिसेनासा व्हायचा. गरिबीला पर्यावरणप्रेम म्हणू नये.

असो. अंधेरीकडे वळू. भाचीच्या ऑफिसात दीड टनाचे दहा एसी आहेत असं ती म्हणाली. एक एसी तासाला सरासरी एक युनिट खातो असं धरू, दिवसाचे आठ तास. झाले ८० युनिट. कोळशाच्या केंद्रात एका युनिटला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे दिवसाला ५० किलोच्या आसपास, एक भरलेली गोणी. नुसत्या एसीची. हिशेब ढोबळ आहे, पण कागदी कपांच्या थप्पीशेजारी ती गोणी मनात ठेवून बघा.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो, की तापमान एक अंश वर नेलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. (हा ब्यूरो २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातून आला, एसीवरचे तारे त्याचेच.) १ जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू करताना २४ अंशांवरच सुरू व्हावा असा नियम आहे. भाचीकडे १९-२० असतं आणि मुली शाल घेऊन बसतात! वीसचे चोवीस केले तर जवळजवळ पाव गोणी वाचली, रोजची. त्यात कुणाचा मग धुवायला लागत नाही.

आज उपनगरांच्या विजेत राजस्थानातल्या सौर आणि पवन प्रकल्पांचा वाटाही बराच आहे, हे सांगायला हवं. राज्य वीज नियामक आयोगाने २०२१ साली असंही केलं, की युनिटमागे ६६ पैसे जादा भरून ग्राहकाला पूर्ण हरित वीज मागता यावी. एखाद्या ऑफिसला कुंड्यांपेक्षा हा खर्च फार नाही.

आणि डहाणूच्या त्या यंत्रणेचं? केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये देशभरच्या औष्णिक केंद्रांना गंधकाची मर्यादा घातली, म्हणजे डहाणूच्या आठ वर्षांनंतर. मुदती वाढत वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्या यंत्रणेतून सूट मिळाली. कारणांत एक होतं, आपल्या कोळशात गंधक कमी असतं. हे वाक्य आमच्याकडे १९९९ पासून ऐकलेलं.

भाचीला मी परवा विचारलं, तुमच्या ऑफिसचं विजेचं बिल किती येतं गं? तिला माहीत नव्हतं. बिल बिल्डिंगवाला भरतो आणि भाड्यात धरतो म्हणे, ऑफिसात ते कुणी पाहिलेलंच नाही. सोमवारी विचारते म्हणाली.