कोरड्या हॉप्सची कुळकथा

घरी इंग्लिश पद्धतीची पेल एल करणाऱ्याला शेवटच्या टप्प्यावर एक प्रश्न हमखास पडतो: आंबणं संपत आलेल्या बिअरमध्ये वरून कोरडे हॉप्स टाकावेत (म्हणजे ‘ड्राय हॉपिंग’ करावं) की नाही? ही रीत मुळात कशासाठी पडली हे कळलं, तर निर्णय सोपा होतो.

हॉप्स ही एका वेलीची मादी फुलं. सुकलेलं बोंड तळहातावर चुरडलं, की खवल्यांच्या बुडाशी दडलेली पिवळी, चिकट भुकटी बोटांना लागते. सगळा ऐवज तिच्यातच. तिच्यातली आम्लं उकळल्यावर कडवटपणा देतात आणि बिअर आंबवून नासवणाऱ्या जिवाणूंना रोखतात; सुगंधी तेलं मात्र उकळताना वाफेबरोबर निघून जातात. पंधराव्या शतकात नेदरलंड्सच्या बाजूने हॉप्स इंग्लंडमध्ये आले आणि पुढे रुजले, त्यात या टिकाऊपणाचा वाटा मोठा होता.

त्याची कसोटी लागली हिंदुस्थानच्या वाटेवर. उष्ण मुलखात जाणाऱ्या बिअरला जास्त हॉप्स हवेतच, असं इंग्लिश ब्रुअर १७६० च्या दशकात सांगत होते. पूर्व लंडनमधल्या बो इथल्या हॉजसन ब्रुअरीची पेल एल त्या शतकाच्या अखेरीस मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला पोचत होती. आफ्रिकेला वळसा घालून येणारा हा प्रवास काही महिन्यांचा. १८२० च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंटचे ऑलसॉप आणि बास हे ब्रुअर या व्यापारात उतरले. पिंप भरलं, की बुचाच्या भोकातून कोरडे हॉप्स आत सारायचे आणि ठोकून बंद करायचं. हेतू राखणीचा होता. सुगंध त्याच्या जोडीने आला.

या हॉप्सचं आणखी एक काम बर्टनमध्येच उलगडलं. हॉरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस या रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ मध्ये दाखवून दिलं, की हॉप्समध्ये डायस्टेज हे विकर असतं. बिअरमध्ये उरलेल्या, यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनची ते साखर करतं. मग यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि पिंपात नव्याने वायू धरतो. भरपूर ड्राय हॉपिंग करणाऱ्या ब्रुअरींना आपल्या काळात हाच अनुभव आला, तेव्हा हा जुना शोधनिबंध पुन्हा वाचला गेला.

पिंपातून थेट ओतल्या जाणाऱ्या बिअरबरोबर ही रीत इंग्लंडमध्ये टिकली. सैल हॉप्स मुठीने भरण्याचा खटाटोप वाचावा म्हणून अर्ध्या औंसाच्या, बुचाच्या भोकातून सहज जाणाऱ्या दाबलेल्या वड्याही निघाल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीचे फ्रिट्झ मेटॅग इंग्लंडच्या ब्रुअरी पाहून परतले आणि १९७५ मध्ये त्यांनी वरून कोरडे कॅस्केड हॉप्स घालून लिबर्टी एल काढली. तिथून अमेरिकन शाखा फुटली आणि हॉप्सचं प्रमाण वाढतच गेलं.

म्हणून इंग्लिश पेल एल करणाऱ्याने कोणत्या शाखेचं प्रमाण घ्यायचं ते आधी ठरवावं. १६४ लिटरच्या बॅरलला पाव ते अर्धा पौंड हे जुनं माप धरलं, तर घरच्या २३ लिटरला १५ ते ३० ग्रॅम पुरतात. ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा फगल जातीचे हॉप्स घ्यावेत आणि चार-पाच दिवस राहू द्यावेत. माल्टची बिस्किटासारखी गोडी आणि यीस्टचा फळांचा वास इतक्या हॉप्सखाली दबत नाही. बाटल्या भरायच्या असतील, तर हॉप्स घातल्यानंतर हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस स्थिर राहिल्याखेरीज साखर घालू नये. ब्राउन आणि मॉरिसनी सांगितलेलं विकर बंद बाटलीतही काम करतं आणि बाटली फुटू शकते.

बिअर महिनोन्‌महिने ठेवायची असेल, तर हे वरून घालायचे हॉप्स वगळले तरी चालतील. आज राखणीचं काम स्वच्छता आणि थंडावा करतात आणि हा सुगंध काही आठवड्यांत ओसरतो. ताजी पिणार असाल, तर मात्र जरूर घाला. जुन्या रीतीतलं आज खरोखर हवंसं उरलं आहे ते हा सुगंधच.