भीमेच्या खोऱ्यातील 'बार्शी लाइट'

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे टाक्यांच्या दहा वाघिणी जोडलेली एक गाडी लातूर स्थानकात येऊन उभी राहिली. प्रत्येक वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर, असे एकूण पाच लाख लिटर कृष्णेचे पाणी तिने मिरजेहून आणले होते. दुष्काळाने होरपळलेल्या लातूरची तहान भागविणारी ही 'जलदूत' गाडी देशभर गाजली. मात्र मिरज, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असा ज्या वाटेने हे पाणी आले, ती वाट कोणी पाडली, याचे स्मरण त्या धावपळीत फारसे झाले नाही. ही वाट 'बार्शी लाइट रेल्वे'ची. थोडे फेरफार वगळता तिचा मार्ग आजही तोच आहे. फक्त रूळ बदलले आहेत.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला, तेव्हा कापूस व धान्याची मोठी पेठ असलेली बार्शी त्याच्या बाजूला राहून गेली. सर्वांत जवळचे स्थानक कुर्डुवाडी. त्याला 'बार्शी रोड' असे नाव मिळाले खरे, परंतु बार्शी तेथून वीस-एकवीस मैलांवर आणि मध्ये सीना नदी. बार्शीचा माल बैलगाड्यांनी या स्थानकापर्यंत येई. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यांत चाके रुतत, हे या भागातील कोणालाही सांगावे लागू नये.

ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हेरली. १८५७ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ जीआयपी रेल्वेच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात आला होता. मुख्य लोहमार्गाला पाणी पुरविणाऱ्या ओढ्यांप्रमाणे लहान-लहान पूरक मार्ग बांधले पाहिजेत, असे त्याचे मत बनले. पुढे त्याने नोकरी सोडली आणि १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी सुरू झाली. दोन रुळांतील अंतर अडीच फूट.

नॅरोगेज म्हटले की हल्ली डोळ्यांसमोर खेळण्यातली गाडी येते. बार्शी लाइटवर त्यामुळे अन्यायच होतो, कारण आपल्या काळात ती अत्यंत आधुनिक रेल्वे होती. रेल्वेचा खर्च केवळ रुळांतील अंतरावर ठरत नाही, तो एका अॅक्सलवर किती भार येतो यावर ठरतो, हा कॅलथ्रॉपचा सिद्धांत होता. म्हणून इंजिन असो, प्रवासी डबा असो वा मालाची वाघीण, कोणत्याही अॅक्सलवर पाच टनांपेक्षा अधिक भार येणार नाही, असा दंडक त्याने घातला. भार सर्वत्र सारखा राहिला की रूळ हलके चालतात. यार्डाला अवघे तीस पौंड वजनाचे रूळ त्याला पुरले. मुख्य मार्गांवरचे रूळ याच्या दुपटीहून जड असत. रूळ हलके म्हणून पूल हलके आणि भरावही बेताचे. इंजिनाची ताकद मात्र कमी करून चालणार नव्हते. तेव्हा लीड्सच्या किटसन कंपनीने आठ चालक चाकांचे इंजिन बनविले, म्हणजे वजन चार अॅक्सलवर विभागले गेले. डब्यांच्या सांगाड्यांसाठी दाबून घडविलेले पोलाद वापरले, त्यामुळे डबे लांब व मजबूत होऊनही वजनाला कमी राहिले. हे सारे सामान जहाजावर चढविण्यापूर्वी लीड्सजवळ खास रूळ टाकून जाणकारांना चालवून दाखविण्यात आले होते. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गाडीची चाचणी पाहायला विलायतेतील अभियंते जमले, ही गोष्ट 'बार्शी तेथे सरशी' म्हणणाऱ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

पुढचा विस्तार टप्प्याटप्प्याने झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला गेली. दुसऱ्या दिशेला बार्शीहून येडशीजवळ बालाघाटाची रांग ओलांडून, म्हणजे भीमेचे खोरे सोडून, ती निजामाच्या राज्यातील तेरणा-मांजरेच्या मुलखात उतरली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. लातूरची पेठ यामुळे मुंबईच्या बाजाराशी जोडली गेली. पंढरपूरहून सांगोला, कवठे महांकाळमार्गे मिरजेपर्यंतचा मार्ग १९२७ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी कॅलथ्रॉपचे निधन झाले. तोवर एकूण लांबी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर झाली होती.

व्यापाऱ्यांसाठी ही रेल्वे कापसाची आणि धान्याची. लोकांच्या आठवणीत मात्र ती विठोबाची गाडी राहिली. आषाढी-कार्तिकीला मुंबई-पुण्याहून वा सोलापूरकडून येणारा यात्रेकरू कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरे आणि पडशी सावरत पलीकडच्या छोट्या गाडीकडे धावे. दिंडीबरोबर पायी आलेला वारकरीही परतीला बहुधा याच गाडीत बसे. डब्यांत जागा उरली नाही की माणसे टपावर चढत. चालत्या गाडीतून उतरून पुन्हा पुढच्या डब्यात चढता येई, अशा गमती प्रत्येक छोट्या गाडीविषयी सांगतात, तशा हिच्याविषयीही सांगितल्या जातात. त्यांत अतिशयोक्ती किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही कंपनी विकत घेतली व ती मध्य रेल्वेत विलीन झाली. त्यानंतरचा काळ मात्र या मार्गाच्या वाट्याला फारसा चांगला आला नाही. रस्ते सुधारले, एसटी गावोगाव पोहोचली, ट्रक शेतमालाच्या दारात उभे राहू लागले. शिवाय मूळ योजनेतच एक उणीव होती. कुर्डुवाडीला आलेला माल छोट्या वाघिणीतून उतरवून हमालांकरवी मोठ्या वाघिणीत भरावा लागे. वेळ जाई, मजुरी लागे, मालाची नासधूस होई. शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीच्या तुलनेत हे सुसह्य होते. ट्रकच्या तुलनेत ते टिकणे शक्य नव्हते. जी गाडी एके काळी वेगाचे प्रतीक होती, तीच पुढे रखडण्याचे उदाहरण ठरली.

ब्रॉडगेजची मागणी त्यामुळे जुनी व न्याय्यच होती. हे काम नव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाले. आधी कुर्डुवाडी-पंढरपूर, मग २००७ व २००८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी आणि शेवटी पंढरपूर-मिरज. जुना मार्ग धाराशिव, म्हणजे तेव्हाचे उस्मानाबाद, शहराला बाजूला ठेवून जाई. नवा मार्ग वळवून शहरापर्यंत नेण्यात आला. बार्शी आणि धाराशिवच्या प्रवाशाला मुंबईची थेट गाडी मिळाली. छोटी गाडी गेल्याची हळहळ खरी असली, तरी २०१६ चा दुष्काळ आठवून पाहावा. राजस्थानातील कोटा येथे स्वच्छ करून आणलेल्या 'जलदूत'च्या त्या टाक्या अडीच फुटी रुळांवर चालूच शकल्या नसत्या. पुढे तर एकेका खेपेत पन्नास वाघिणी, म्हणजे पंचवीस लाख लिटर पाणी लातूरला गेले.

मात्र गेज बदलणे आणि स्मृती पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बार्शीनंतर कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरमधील मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात अशीच अडीच फुटी रेल्वे बांधली. बार्शीच्या अनुभवावर आधारलेली ती रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली आणि जेमतेम तीस वर्षे चालून १९३४ मध्ये बंद पडली. तिच्या वाटेवरचे रूळ काढून तेथे पायवाट करण्यात आली. आज त्या नदीकाठच्या वाटेने लोक चालतात, सायकली फिरवतात. ज्या मूळ रेल्वेवरून तिचा आराखडा घेतला, ती आपल्याकडे शतकाहून अधिक काळ धावली. येडशीच्या आसपास जेथे नव्या मार्गाने जुन्याची साथ सोडली, तेथे अशी एखादी वाट करण्यास खर्चही फार येऊ नये. रामलिंगच्या अरण्यात पर्यटक एरवीही येतातच.

कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना मात्र टिकून आहे. भीमेच्या खोऱ्यातून नॅरोगेज उठली तरी तेथील कारागिरांचा छोट्या गाड्यांतला हात गेलेला नाही. नेरळ-माथेरानच्या गाडीचे डबे व इंजिने मोठ्या दुरुस्तीसाठी घाट उतरून या कारखान्यात येतात.