बादशहाच्या हाती चित्रांचे पुस्तक



चौथी ओलांडलेल्या मुलाच्या हाती चित्रांचे पुस्तक दिसले की आपण म्हणतो, "आता मोठा झालास, हे धाकट्याला दे." हा समज कितपत खरा, हे एका जुन्या ग्रंथाला विचारू या.

पंचतंत्राची कथा आपल्याच दक्षिणेतील महिलारोप्य नगरात सुरू होते. राजाच्या तीन पुत्रांना अभ्यास नको होता; त्यांच्यासाठी विष्णुशर्म्याने पशुपक्ष्यांच्या गोष्टी रचल्या. सहाव्या शतकात बादशहा नौशेरवानच्या पदरी असलेल्या बुर्जुया हकिमाने त्या इराणात नेल्या, असे सांगतात. पुढे इ. स. ७५० च्या सुमारास इब्न अल-मुकफ्फाने त्या अरबीत आणल्या. हाच 'कलीला व दिम्ना'. करटक आणि दमनक या आपल्या दोन कोल्ह्यांचीच ही नावे!

अरबी प्रस्तावनेत ग्रंथाचे हेतू दिले आहेत. जनावरे बोलतात, ती पोरवयाच्या वाचकांना ओढ लागावी म्हणून. आणि रंगीत चित्रे? ती राजांचे मन रमावे म्हणून. शिवाय अशा पुस्तकाच्या नकला पुष्कळ होतील आणि चितारी व नकलनवीस यांना काम मिळत राहील, असेही तो लिहितो. (मोठा व्यवहारी माणूस!) शेवटचा हेतू तत्त्ववेत्त्यांसाठी राखून ठेवला आहे.

झालेही तसेच. हेरातच्या हुसेन वाइज काशिफीने याच गोष्टी फारसीत 'अन्वार-ए-सुहैली' नावाने लिहिल्या. १५७० साली अकबराच्या कारकिर्दीत तिची सचित्र प्रत तयार झाली. ती आज लंडनमध्ये आहे. अकबर स्वतः वाचीत नसे, पुस्तके वाचून घेई. काशिफीची भाषा अवजड वाटल्याने त्याने अबुल फजलकडून त्याच गोष्टी सोप्या करवून घेतल्या. तो 'अयार-ए-दानिश' १५८८ मध्ये पुरा झाला, तेव्हा बादशहाचे वय पंचेचाळीस होते!

आमचे दादाजान निजामी अमलात उर्दूत शिकलेले. मराठी बोलत अस्खलित, पण वाचता येत नसे. मी दुसरीत असताना त्यांना कासव आणि दोन हंसांची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवीत होतो. ते चित्र न्याहाळीत होते. हंस उडता उडता कासवाला काही सांगतो, या वाक्याशी त्यांनी मला थांबवले आणि चित्रावर बोट ठेवून विचारले, "लकडी तो चोंच में है, फिर हंस बोला कैसे?"

मी ते पान कितीदा तरी वाचले होते. माझ्या सातवीच्या वर्गाला मी आजही हा प्रश्न घालतो.