बाणाची आणि किल्लीची गोष्ट

भाचीचा अमेरिकेतून फोन आला. "मावशी, आमच्या कॉलेजात एका सोरॉरिटीची बंद पडलेली शाखा पुन्हा सुरू होतेय. नाव देऊ का?" मी आधी जेवणाचं विचारलं. कंदमुळं, रात्रीचं खाणं, सगळं. "अगं, ते मी बघते," म्हणाली. मग सोरॉरिटी म्हणजे काय, ते मी वाचायला बसले.

आपल्या महिला मंडळासारखं काहीतरी असेल, असं वाटलं होतं. ते तसं आहे आणि नाहीही. 1867 मध्ये इलिनॉयमधल्या मॉनमाउथ कॉलेजात बारा मुलींनी गुप्त संघटना काढली. मुलांच्या अशा संघटना होत्याच. मुलींना तिथं जागा नव्हती. सोन्याचा बाण ही यांची खूण, आणि पुढं नाव झालं पाय बीटा फाय. तिथंच 1870 मध्ये कप्पा कप्पा गॅमा निघाली, तिची खूण किल्ली. त्या काळी मुलीही आपल्या संघटनेला 'फ्रॅटर्निटी' म्हणत. संघटना बहिणींची आणि नाव भावांचं!

पुढं कॉलेजनं अशा संघटनांवर बंदी घातली आणि 1884 मध्ये दोन्ही मूळ शाखा मिटल्या. बाहेर संघटना वाढतच होत्या. पाय बीटा फायनं 1912 मध्ये टेनेसीच्या डोंगरात, गॅटलिनबर्गला शाळासुद्धा काढली. माहेरचं दार मात्र बंद. ते उघडलं एकीला 1928 मध्ये, दुसरीला 1934 मध्ये. म्हणजे पन्नास वर्षं! पहिल्या मुलींच्या नाती कॉलेजात जायच्या वयाच्या झाल्या असतील.

वाचता वाचता दुसरी बाजूही दिसली. जागा नाही म्हणून ज्यांनी वेगळं घर बांधलं, त्यांनीच कृष्णवर्णीय आणि ज्यू मुलींना दार लावलं, कुठं नियमात लिहून, कुठं न लिहिता. मग 1908 मध्ये हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींनी अल्फा कप्पा अल्फा काढली, 1909 मध्ये बर्नार्ड कॉलेजात ज्यू मुलींनी अल्फा एप्सिलॉन फाय. हॉवर्डमध्येच जानेवारी 1913 मध्ये निघालेली डेल्टा सिग्मा थीटा तर दोन महिन्यांच्या आत, 3 मार्चला, मताच्या हक्कासाठी वॉशिंग्टनच्या मोर्चात चालत होती.

मी भाचीला फोन लावला. "तुझ्यासारखीला त्यांनी तेव्हा घेतलं असतं का गं?" ती जरा गप्प झाली. म्हणाली, "कपाटात जुने फोटो आहेत. सगळ्या गोऱ्याच. पण मावशी, आता वरच्या वर्गातली कुणीच नाही. रीत काय पाडायची ते आम्हीच ठरवणार."

गेली ती.

नव्या मुलीला तिथं एक मोठी बहीण देतात. हिच्या शाखेत जुनी मुलगीच नाही, म्हणून गावातल्या सत्तरीच्या एक बाई हिच्या अक्का झाल्या. त्या फोटोतल्याच एक. आमच्या पोरीनं त्यांना तोंडावर विचारलं, की तुमच्यात आमच्यासारखी एकही कशी नव्हती? बाई म्हणाल्या, "आम्ही विचारलंच नाही कधी."

दर शुक्रवारी ती त्यांच्याकडे जेवायला असते. बाई आता सूर्य मावळायच्या आत ताटं मांडतात.