विवाहाविना सहवास : ख्रिस्ती नीतिविचार आणि वऱ्हाडातील पाट

विवाहाविना स्त्रीपुरुषांनी एकत्र राहणे ख्रिस्ती धर्मपरंपरेने सदोष मानले आहे. परंतु विवाह कशाने सिद्ध होतो, याविषयी त्या परंपरेचे उत्तर सर्वकाळ एकच नव्हते. हा भेद वऱ्हाडच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो.

मध्ययुगीन पाश्चात्य चर्चच्या मते वधूवरांची परस्परसंमती हाच विवाहाचा गाभा होय. एकांतात दिलेल्या संमतीनेही विवाह सिद्ध होई; तो निषिद्ध असला तरी रद्द ठरत नसे. पुढे एका पक्षाने वचन नाकारल्यास दुसऱ्याजवळ पुरावा उरत नसे. यास्तव ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धर्मगुरू व निदान दोन साक्षीदार यांची उपस्थिती आवश्यक ठरविली. विधीच्या आग्रहामागे साक्षीची ही निकड होती.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि शतकाच्या अखेरीस अकोला हे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनचे केंद्र बनले. अमरावती व अकोला या भागांतील अनेक जातींत विधवेचा, तसेच काडीमोड झालेल्या स्त्रीचा पाट लावण्याची चाल होती. पहिल्या लग्नाचा थाट पाटास नसे. तो बहुधा रात्री लागे. तथापि त्यास जातीची मान्यता असे. अशा जोडप्याने बाप्तिस्मा घेतल्यास त्यास विवाहित मानावे की अविवाहित, हा प्रश्न ख्रिस्ती नीतिविचारापुढे उभा राहतो. स्त्रीची प्रतिष्ठा व मुलांचे औरसत्व त्याच्या उत्तरावर अवलंबून होते.

विधवेच्या पाटाविषयी अडचण नव्हती. पतिनिधनानंतर स्त्री पुनर्विवाहास मोकळी होते, असे पौलाने करिंथकरांस लिहिले आहे. बाप्तिस्म्यापूर्वीचा विवाहही त्याने ग्राह्य धरला. अविश्वासी जोडीदार नांदावयास राजी असेल, तर त्यास सोडू नये, असा त्याचा उपदेश आहे. काडीमोड झालेल्या स्त्रीचे प्रकरण मात्र बिकट होते. तिचा पहिला पती हयात असे, आणि सोडलेल्या स्त्रीशी विवाह करणे हा व्यभिचार होय, असे येशूचे वचन शुभवर्तमानांत आहे. ज्या मिलनास जात विवाह म्हणे, तेच या वचनाच्या कसोटीस उतरणे कठीण होते. १८६६ च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाच्या कायद्यानेही तिचा प्रश्न सुटत नव्हता. धर्मांतरामुळे जोडीदाराने टाकलेल्या व्यक्तीपुरताच तो मर्यादित होता. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानेही देशी ख्रिस्ती वधूवरांपैकी कोणाचाही पूर्वीचा जोडीदार हयात नसावा, अशी अट घातली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ चर्चमधील विधीचा अभाव हा या नीतिविचाराचा निकष नव्हता. संमती, समाजाची साक्ष आणि आजन्म एकनिष्ठेचे बंधन ही त्याची तीन अंगे होत. विधवेच्या पाटात ही तिन्ही असू शकत. काडीमोडीनंतरच्या पाटात तिसऱ्याविषयी वाद उत्पन्न होई.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश संबंधातील स्त्रीस संरक्षण दिले आहे. कायद्याचे हे संरक्षण म्हणजे नैतिक मान्यता नव्हे. तथापि ट्रेंटच्या निर्णयामागील चिंताही अशीच होती : साक्षीवाचून दिलेले वचन मोडले, तर त्याचा भार दुबळ्या पक्षावर पडतो. ज्या सहवासात बंधन स्वीकारलेलेच नसते, त्यास ख्रिस्ती नीती विवाह मानीत नाही. परंतु विधीची उणीव दाखवून पाटाच्या स्त्रीस अविवाहित ठरविणे हेही त्या नीतीच्या इतिहासाशी विसंगत होय.